जर्मनीतली साथ, इजिप्तची मेथी: देशोदेशी पसरलेल्या अन्नबाधेचा माग कसा काढतात?

१९ मे २०११ रोजी हॅम्बुर्गच्या आरोग्य खात्याकडून बर्लिनमधल्या रॉबर्ट कॉख संस्थेला निरोप आला, की शहरात तीन मुलांना एकाच वेळी ‘एचयूएस’ हा किडनी बंद पाडणारा आजार झाला आहे. जर्मनीतल्या साथींवर नजर ठेवणं हे या संस्थेचं काम. तीन हा आकडा छोटा वाटतो, पण एचयूएस इतका विरळा आजार आहे, की एका शहरात तीन मुलं एकदम दाखल झाली म्हणजे कुठेतरी काहीतरी गंभीर घडलंय हे जाणकारांना लगेच कळतं. दुसऱ्याच दिवशी संस्थेचे साथरोगतज्ज्ञ हॅम्बुर्गला पोचले.

तिथलं दृश्य आणखी चक्रावणारं होतं. हा आजार एरवी लहान मुलांचा. इथे मात्र खाटांवर तिशी-चाळिशीतल्या, एरवी ठणठणीत असलेल्या बायका दिसत होत्या. काहींच्या किडन्या बंद पडल्या होत्या, काहींना झटके येत होते, काही माणसं ओळखत नव्हत्या. पुढच्या दोन महिन्यांत एकट्या जर्मनीत ३,८०० हून अधिक लोक आजारी पडले. त्यातल्या ८५५ जणांना एचयूएस झाला आणि ५३ जण दगावले. रुग्ण युरोप आणि उत्तर अमेरिकेतल्या १६ देशांत सापडले.

या सगळ्याच्या मुळाशी होती मोड आलेली मेथी. ती सापडली कशी, मधल्या काळात कोणाचं काय नुकसान झालं आणि देशांनी एकमेकांना काय कळवलं, हे नीट समजून घेतलं तर सरहद्दी ओलांडणाऱ्या अन्नबाधेशी सरकारी यंत्रणा कशी लढते याचा बराचसा उलगडा होतो. म्हणून ही एकच साथ धरून सगळं सांगतो.

आधी जिवाणू

ई. कोलाय हे नाव आपण पाण्याच्या तपासणी अहवालात वाचतो. या जिवाणूच्या बहुतेक जाती आपल्या आतड्यात निमूटपणे राहतात. काही जाती मात्र ‘शिगा’ नावाचं विष तयार करतात. हे विष रक्तात उतरलं की बारीक रक्तवाहिन्यांच्या अस्तराला इजा होते, तिथे गुठळ्या होतात, त्यातून जाताना लाल पेशी फुटतात, प्लेटलेट घटतात आणि किडनी काम थांबवते. हाच एचयूएस. आधी पोटात मुरडा, मग रक्ताचे जुलाब आणि साधारण पाचेक दिवसांनी किडनीवर घाला, असा त्याचा क्रम असतो.

२०११ चा जिवाणू ‘ओ१०४:एच४’ या प्रकारचा होता. आतड्याच्या अस्तराला घट्ट चिकटून बसणारी ई. कोलायची एक वेगळी जात आहे. त्या जातीत शिगा विषाचं जनुक एका विषाणूमार्फत शिरलं होतं. चिकटपणा आणि विष या दोन गोष्टी एकाच जिवाणूत आल्यामुळे तो इतका घातक ठरला. शिवाय बऱ्याच नेहमीच्या अँटिबायोटिक औषधांना तो दाद देत नव्हता. हॅम्बुर्गच्या विद्यापीठ रुग्णालयानं चीनमधल्या शेन्झेनच्या बीजीआय संस्थेबरोबर त्याचा जनुकीय क्रम वाचला आणि २ जूनला तो सगळ्या जगासाठी खुला केला. वेगवेगळ्या देशांतले शास्त्रज्ञ लगोलग कामाला लागले आणि काही दिवसांतच या जिवाणूचं कूळ उलगडलं. तपासणी-चाचण्यांसाठी त्याचा उपयोग झाला.

पण तो कुठल्या ताटातून आला, हे जनुकीय क्रमात लिहिलेलं नसतं. त्यासाठी माणसांना विचारावं लागतं.

दहा दिवसांपूर्वी काय खाल्लंत?

साथरोगतज्ज्ञ रुग्णाच्या खाटेशी बसतात आणि विचारतात: आजारी पडण्याआधी काय काय खाल्लंत? कुठे? कोणाबरोबर? कुठल्या दुकानातून आणलंत? प्रश्नावली लांबलचक असते. या साथीत जिवाणू पोटात गेल्यापासून जुलाब सुरू व्हायला साधारण आठ दिवस लागत होते. त्यानंतर दवाखाना, मग रुग्णालय, मग कोणीतरी येऊन प्रश्न विचारणार. म्हणजे रुग्णाला दोन-अडीच आठवड्यांपूर्वीचं जेवण आठवायचं आहे, तेही अंगात त्राण नसताना. काही रुग्ण तर बोलण्याच्या अवस्थेतही नव्हते.

नुसत्या रुग्णांना विचारूनही भागत नाही. ‘दहापैकी नऊ रुग्णांनी टोमॅटो खाल्ले होते’ हे ऐकायला ठोस वाटतं, पण मे महिन्यात जर्मनीत टोमॅटो कोण खात नाही? म्हणून त्याच वयाच्या, त्याच भागातल्या धडधाकट लोकांनाही तेच प्रश्न विचारतात आणि दोन्ही गटांची उत्तरं शेजारी ठेवतात. एखादा पदार्थ रुग्णांनी निरोग्यांपेक्षा बराच जास्त खाल्ला असेल, तर संशय त्याच्यावर जातो.

हॅम्बुर्गमध्ये पहिल्या फेरीत संशय गेला कच्च्या टोमॅटोवर, काकडीवर आणि सॅलडच्या पाल्यावर. मांस, दूध या नेहमीच्या संशयितांकडे बोट जात नव्हतं. फ्रँकफुर्टमध्ये एका कंपनीच्या कॅन्टीनमधून जेवलेले बरेच कर्मचारी आजारी पडले होते. तिथे कोणी कशाचे पैसे भरले याची कॅन्टीनच्या कार्डावर नोंद होती आणि त्या नोंदी सॅलड काउंटरकडेच बोट दाखवत होत्या. बायकाच जास्त का आजारी पडल्या, याचंही उत्तर त्यात अर्धंमुर्धं मिळत होतं.

मग मोडांचं नाव का आलं नाही? आलं होतं. अगदी सुरुवातीला ज्या १२ रुग्णांशी सविस्तर बोलणं झालं, त्यातल्या तिघांनी मोड खाल्ल्याचं सांगितलं होतं. पण बारातले तीन म्हणजे फारच कमी. खरा स्रोत असता तर जवळपास सगळ्यांनी त्याचं नाव घेतलं असतं, असा विचार झाला आणि पुढच्या प्रश्नावलीतून मोड मागे पडले. हा विचार त्या वेळी वाजवीच होता. फक्त एक गोष्ट निसटली. सॅलडवर चिमूटभर पेरलेले मोड कोणाच्या लक्षात राहतात? कांदेपोह्यांवर भुरभुरवलेली कोथिंबीर आपण ‘आज काय खाल्लं’ या यादीत कधी धरतो का? काकडी-टोमॅटो आठवतात, कारण ते डोळ्यांत भरतात. मोड त्यांच्या सोबतीनं पोटात गेले आणि आरोप सोबत्यांवर आला.

इशारा आणि आरोप

२५ मे रोजी जर्मन सरकारी संस्थांनी जाहीर केलं, की उत्तर जर्मनीतल्या लोकांनी पुढची सूचना मिळेपर्यंत कच्चे टोमॅटो, काकडी आणि सॅलडचा पाला खाऊ नये. माझ्या मते हा इशारा बरोबर होता. त्यात कुठल्या देशाचं, शेतकऱ्याचं किंवा कंपनीचं नाव नव्हतं. आमच्याकडे एवढी माहिती आहे, ती अजून अपुरी आहे, तोवर एवढं टाळा, इतकंच त्यात होतं. रोज नवे रुग्ण येत असताना शंभर टक्के खात्री होईपर्यंत थांबणं म्हणजे आणखी माणसं मरू देणं.

दुसऱ्या दिवशी मात्र हॅम्बुर्गच्या आरोग्य खात्यानं एक पाऊल पुढे टाकलं आणि ते चुकीचं पडलं. शहराच्या घाऊक बाजारातल्या काही काकड्यांवर शिगा विष तयार करणारा ई. कोलाय सापडला होता. त्यातल्या तीन काकड्या स्पेनमधून आलेल्या. साथीचा स्रोत सापडला, स्पेनच्या काकड्या, असं जाहीर झालं. पण शिगा विष तयार करणारे ई. कोलाय अनेक प्रकारचे असतात. काकडीवरचा जिवाणू ओ१०४:एच४ आहे का, ही तपासणी तेव्हा पूर्ण झाली नव्हती. ३१ मे रोजी ती झाली आणि उत्तर आलं: नाही, हा वेगळा आहे.

ते पाच दिवस दक्षिण स्पेनमधल्या शेतकऱ्यांना फार महागात गेले. आल्मेरिया भागात हरितगृहांचा समुद्रच पसरलाय आणि युरोपभर तिथून भाजी जाते. ऑर्डरी एका रात्रीत रद्द झाल्या. तोडलेली काकडी, टोमॅटो, ढोबळी मिरची ढिगानं फेकली गेली, जनावरांना घातली गेली, मजुरांना घरी बसवलं गेलं. आठवड्याला २० कोटी युरोचं नुकसान होतंय असं स्पेनचे निर्यातदार सांगत होते. आल्मेरिया ज्या आंदालुसिया प्रांतात येतं, तिथल्या कृषिमंत्र्यांनी कॅमेऱ्यासमोर काकडी खाऊन दाखवली, तरी मागणी परतली नाही. २ जूनला रशियानं संपूर्ण युरोपीय संघातून येणाऱ्या भाज्यांवर बंदी घातली आणि हॉलंड, पोलंड, इटलीचे शेतकरीही भरडले गेले. जूनच्या मध्यात युरोपीय संघानं शेतकऱ्यांच्या भरपाईसाठी २१ कोटी युरो मंजूर केले. ते झालेल्या नुकसानीच्या मानानं थोडेच होते. ज्यांच्या शेतात जिवाणू नव्हताच, त्यांचा हंगाम गेला तो गेलाच.

आपल्याकडच्या भाजीपाला किंवा द्राक्ष बागायतदाराला हे वेगळं समजावून सांगायला नको. परदेशातल्या एका प्रयोगशाळेचा एक अर्धवट अहवाल गावातल्या शंभर घरांचं वर्ष बुडवू शकतो.

ल्यूबेकच्या स्वयंपाकघरात

तपासाची दिशा बदलली ती एका वेगळ्या विचारामुळे. लोकांना घटक आठवत नाहीत, पण कुठली डिश मागवली हे आठवतं. मग घटकांचं आचाऱ्याला विचारावं, असं तज्ज्ञांनी ठरवलं.

उत्तर जर्मनीतल्या ल्यूबेक शहरात एक रेस्टॉरंट होतं. मे महिन्यात तिथे गटागटानं जेवून गेलेले बरेच लोक आजारी पडले होते. असे १० गट तज्ज्ञांनी शोधले, म्हणजे दीडशेहून जास्त माणसं. त्यांना मेनूतल्या पदार्थांचे फोटो दाखवले, बिलं काढून पाहिली, गटातल्या लोकांनी जेवताना काढलेली छायाचित्रं मागवली आणि कोणापुढे कुठली ताटली होती हे पक्कं केलं. दुसरीकडे स्वयंपाकघरात जाऊन प्रत्येक पदार्थात काय, किती, वर काय पेरलं, हे आचाऱ्याकडून लिहून घेतलं. या दोन याद्या जुळवल्यावर चित्र लख्ख झालं. ज्यांच्या ताटात मोड पडले होते, त्यांना आजारी पडण्याचा धोका इतरांच्या सुमारे १४ पट होता. त्याहून बोलकी गोष्ट म्हणजे आजारी पडलेल्या ३१ पैकी ३१ जणांच्या ताटात मोड होते. त्यातल्या अनेकांना ते आपण खाल्ल्याचं आठवतही नव्हतं.

मला या साथीतला हा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. इथे कुठलंही महागडं यंत्र लागलं नाही. रुग्णाच्या आठवणीवर सगळा भार टाकायचा नाही, जिथे कागद आहे तिथे कागदाला विचारायचं, एवढं ठरवलं आणि खरं उत्तर मिळालं.

त्याच सुमारास दुसरी बाजूही पुढे सरकत होती. ३ जूनला बर्लिनमध्ये आरोग्य आणि अन्न अशा दोन्ही खात्यांची एकत्र कृती-तुकडी बसली. जर्मनीत आरोग्य खातं रुग्ण मोजतं आणि अन्नसुरक्षा खातं माल तपासतं. दोन्ही कामं स्थानिक, राज्य आणि केंद्र अशा तीन पातळ्यांवर विभागलेली आहेत. त्यामुळे सुरुवातीला या खात्याचं त्या खात्याला पुरतं कळत नव्हतं. आता जिथे जिथे रुग्णांचा घोळका होता, त्या प्रत्येक हॉटेलची, कॅन्टीनची, दुकानाची डिलिव्हरीची चलनं गोळा केली गेली. माल कोणाकडून आला, त्याला कोणी दिला, असं मागे मागे जायचं. असे ४१ घोळके तपासले. सगळे धागे लोअर सॅक्सनी राज्यातल्या बीनेनब्युटेल नावाच्या गावी, मोड तयार करणाऱ्या एकाच उत्पादकाकडे जाऊन पोचले. ५ जूनला राज्याच्या कृषिमंत्र्यांनी ते जाहीर केलं. १० जूनला केंद्रीय संस्थांनी मोडांवर शिक्कामोर्तब केलं आणि काकडी, टोमॅटो, सॅलडवरचा इशारा मागे घेतला.

अनेकांना त्या वेळी पटलं नाही, कारण उत्पादकाकडच्या नमुन्यांत जिवाणू सापडत नव्हता. राइन नदीकाठच्या एका घरी कचऱ्यात पडलेल्या मोडांच्या पाकिटात तो सापडला खरा, पण पाकीट उघडं होतं. तो मोडांतून माणसात गेला की आजारी माणसाच्या हातातून पाकिटात, हे सांगता येत नव्हतं. तरी सरकारनं प्रयोगशाळेच्या होकाराची वाट पाहिली नाही, आणि ते योग्य झालं. नाशवंत मालाची दूषित खेप तपासणी होईपर्यंत खाऊन संपलेली असते. नमुना स्वच्छ निघाला तर त्याचा अर्थ एवढाच, की तपासलेल्या त्या चमच्याभर मालात जिवाणू नव्हता. ४१ पैकी ४१ धागे एकाच दारात जातात तेव्हा तो पुरावाच असतो.

फ्रान्सनं दुसरं टोक दिलं

बीनेनब्युटेलचा उत्पादक मेथी, मसूर, अल्फाल्फा (लसूणघास) अशा बऱ्याच बियांचे मोड काढून त्यांची मिश्रणं विकत होता. दूषित बी त्यातलं कुठलं? की पाणी, की कामगार? त्याचे काही कर्मचारीही मे महिन्यात आजारी पडले होते. उत्तर जर्मनीत मिळालं नाही.

ते मिळालं फ्रान्समध्ये. ८ जूनला बॉर्दो शहराजवळच्या बेग्ल इथे मुलांच्या एका केंद्रात पालकांसाठी कार्यक्रम झाला. गार सूप होतं आणि त्यावर ताजे मोड पेरले होते. ते केंद्रातच काढलेले, जर्मनीतून आलेले नव्हते. महिना संपायच्या आत तिथेही रक्ताच्या जुलाबाचे आणि एचयूएसचे रुग्ण निघाले. जिवाणू तपासला तर तोच, ओ१०४:एच४. बातमी वाईट होती, पण तपास करणाऱ्यांसाठी ती अनमोल ठरली. फ्रान्सच्या मोडांत मेथी, मोहरी आणि रॉकेट नावाची सॅलडची पालेभाजी होती. जर्मनीच्या मिश्रणांशी तुलना केली तर दोन्हीकडे समान बी एकच: मेथी. आणि बी दोन देशांत वेगवेगळ्या हातांनी, वेगवेगळ्या पाण्यात भिजवलेलं असल्यामुळे दोष पाण्याचा किंवा कामगाराचा नव्हता. दोष बियांतच होता.

आता युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणानं देशोदेशीच्या तज्ज्ञांची तुकडी बसवली आणि मेथीच्या पावत्या उलट्या क्रमानं वाचायला घेतल्या. बागकामाच्या दुकानात ५० ग्रॅमच्या पाकिटात मिळालेली फ्रान्सची मेथी इंग्लंडच्या कंपनीनं भरली होती. तिला ती जर्मनीतून आली होती. बीनेनब्युटेलला ७५ किलो मेथी मिळाली होती, तीही जर्मनीतल्याच वितरकाकडून. ५ जुलैच्या अहवालात दोन्ही धाग्यांची गाठ पडली: लॉट क्रमांक ४८०८८. इजिप्तमधल्या दमिएत्ता बंदरातून नोव्हेंबर २००९ मध्ये निघालेली १५,००० किलो मेथी. बंद कंटेनर बेल्जियमच्या आंटवर्प बंदरात उतरला, हॉलंडच्या रॉटरडॅममार्गे जर्मनीत आला आणि तिथे पहिल्यांदा उघडला. तिथून पुढे तिची वाटणी होत होत ती कित्येक देशांतल्या डझनावारी कंपन्यांकडे गेली.

यातला तर्क नीट पाहण्यासारखा आहे. जर्मनी आणि फ्रान्स दोन्हीकडे माणसं आजारी पडली, म्हणजे माल दूषित झाला तो वाटणी होण्याच्या आधी. त्याआधी कंटेनर बंद होता. म्हणजे बहुधा इजिप्तमध्ये, शेतात किंवा साठवणीत, विष्ठेचा संपर्क झालेल्या पाण्यातून किंवा खतातून. इजिप्तच्या अधिकाऱ्यांनी हे मान्य केलं नाही आणि बियांच्या नमुन्यांत जिवाणू शेवटपर्यंत मिळाला नाही. तरी ६ जुलैला युरोपीय संघानं त्या निर्यातदाराची मेथी बाजारातून परत बोलावली आणि इजिप्तमधून येणाऱ्या मोडांच्या बियांवर तात्पुरती बंदी घातली. तोवर नवे रुग्ण जवळपास थांबले होते. २६ जुलैला रॉबर्ट कॉख संस्थेनं साथ संपल्याचं जाहीर केलं.

कोरड्या बियांवर जिवाणू कित्येक महिने तग धरतो. इथे बी निघून दीड वर्ष झालं होतं. बियांच्या सालीवरच्या बारीक भेगांत तो बसला की वरून धुऊन निघत नाही. मग मोड काढण्यासाठी आपण त्याला ऊब आणि ओल देतो, तीही तीन-चार दिवस, आणि मूठभर जिवाणूंचे कोट्यवधी होतात. १९९६ मध्ये जपानच्या साकाई शहरात शाळेच्या जेवणातून हजारो मुलं आजारी पडली. तिथेही संशय मुळ्याच्या मोडांवरच होता.

देश एकमेकांना सांगतात कसं

एका देशाच्या आरोग्य खात्याला दुसऱ्या देशात जाऊन गोदाम उघडता येत नाही. म्हणून सगळा भर असतो वेळेवर कळवण्यावर. युरोपात त्यासाठी दोन वेगळ्या यंत्रणा आहेत. माणसांच्या आजारांसाठी पूर्वसूचना यंत्रणा, आणि अन्न व पशुखाद्यासाठी १९७९ पासून चालत आलेली शीघ्र इशारा यंत्रणा. जर्मनीनं २२ मे रोजी पहिल्या यंत्रणेतून शेजारी देशांना कळवलं. त्यानंतर स्वीडन, डेन्मार्क आणि इतर देश आपापल्या जुलाबाच्या रुग्णांना नेमका प्रश्न विचारू लागले: अलीकडे जर्मनीला गेला होतात का? जवळजवळ सगळेच गेले होते. परदेशातल्या या रुग्णांची मोठी मदत झाली, कारण तीन-चार दिवसांच्या सहलीत कुठे कुठे जेवलो हे माणसाला घरच्या जेवणापेक्षा चांगलं आठवतं.

जगाच्या पातळीवर जागतिक आरोग्य संघटनेचे आंतरराष्ट्रीय आरोग्य नियम आहेत. २००५ मध्ये ते नव्यानं लिहिले गेले आणि २००७ पासून लागू झाले. सीमा ओलांडू शकेल अशी घटना कळली की तिचं मूल्यमापन करून संघटनेला कळवणं देशांवर बंधनकारक आहे. अन्नासाठी याच संघटनेचं, अन्न व कृषी संघटनेबरोबर चालवलेलं ‘इन्फोसान’ नावाचं जाळं आहे. एखाद्या देशात दूषित खेप सापडली की ती आणखी कुठे गेली आहे, हे तिथल्या अधिकाऱ्याला थेट कळवता यावं, हा त्याचा उद्देश.

पण या यंत्रणांत कागदच नसेल तर कळवणार काय? युरोपात २००५ पासून अन्नधंद्यातल्या प्रत्येकाला माल कोणाकडून घेतला आणि कोणाला दिला, हे एक पायरी मागे आणि एक पायरी पुढे लिहून ठेवावंच लागतं. लॉट ४८०८८ सापडला तो याच सक्तीमुळे. तरीही पावत्या वेगवेगळ्या भाषांत, कुठे कागदावर, कुठे संगणकात, त्यामुळे आठवडे गेले. साथीनंतर २०१३ मध्ये युरोपीय संघानं मोड आणि मोडांच्या बियांसाठी खास नियम केले. बियांच्या प्रत्येक खेपेबरोबर तिची सगळी माहिती पुढे गेली पाहिजे, मोड काढणाऱ्यांना परवानगी घ्यावी लागेल, माल बाजारात जाण्याआधी जिवाणूंची तपासणी करावी लागेल, आणि बाहेरच्या देशांतून येणाऱ्या बियांना प्रमाणपत्र लागेल. आपल्याकडून मोडांसाठी मेथी किंवा मूग युरोपला पाठवणाऱ्या व्यापाऱ्याला आज जे कागद करावे लागतात, त्यातल्या काहींचं मूळ या साथीत आहे. जर्मनीत स्थानिक कार्यालयाकडून केंद्रापर्यंत रुग्णांची माहिती पोचायला तेव्हा आठवडा-दोन आठवडे लागू शकत. ती मुदतही नंतर कमी केली गेली.

आपल्या ताटातले मोड

हे वाचून कोणी मटकीचं फडकं बाजूला ठेवू नये. आपली परंपरा मोडांची उसळ करण्याची आहे आणि उसळ शिजते. आतपर्यंत ७० अंश सेल्सिअसला दोन मिनिटं राहिलं की हा जिवाणू मरतो. कुकरच्या किंवा झाकण ठेवून वाफवलेल्या उसळीत त्याहून कितीतरी जास्त उष्णता असते. प्रश्न आहे तो कच्च्या मोडांचा: कोशिंबिरीत घातलेले मूग, भेळेवर टाकलेली मटकी, मधुमेहासाठी म्हणून सकाळी अनशापोटी चावून खाल्लेली मोडाची मेथी, दुकानातून पाकिटात आणून तसेच सॅलडमध्ये टाकलेले मोड. लहान मुलं, गरोदर बायका, म्हातारी माणसं आणि प्रतिकारशक्ती कमी असलेले रुग्ण यांना कच्चे मोड देऊ नयेत. बाकीच्यांनीही निदान चांगली वाफ काढून खावेत. नुसतं धुऊन उपयोग नाही, हे वर आलंच आहे.

भारतात रुग्णांच्या नोंदीचं काम २००४ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रमाकडे आहे. अन्नाची बाजू २००६ च्या कायद्यानं स्थापन झालेल्या एफएसएसएआय या केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाकडे आणि महाराष्ट्रात अन्न व औषध प्रशासनाकडे. म्हणजे जर्मनीसारखीच इथेही माणसं एका खात्याकडे आणि माल दुसऱ्याकडे. माझी मनापासून अपेक्षा आहे, की या दोन्हींनी जिल्हा पातळीवर साथ नसतानाही एकत्र बसून सराव करावा. लग्नात किंवा वसतिगृहात अन्नबाधा झाली की आपण ‘पनीर खराब होतं’ असं ऐकतो आणि विषय संपतो. ते पनीर कुठून आलं, त्याच खेपेतलं आणखी कुठे गेलं, जे आजारी पडले नाहीत त्यांनी काय खाल्लं, हे विचारणारं कोणी तिथे पोचलं पाहिजे.

घरी कोणाला रक्ताचे जुलाब झाले तर औषधाच्या दुकानातून जुलाब थांबवणाऱ्या गोळ्या किंवा अँटिबायोटिक आणून स्वतःच सुरू करू नका. शिगा विषाच्या आजारात त्यांनी अपाय होऊ शकतो. तोंडानं जलसंजीवनी द्या आणि डॉक्टर गाठा. लघवी कमी झाली, चेहरा पांढराफटक पडला, अंगावर निळसर डाग दिसले किंवा माणूस गुंगीत गेला तर वेळ न घालवता मोठ्या रुग्णालयात न्या. मागच्या दहा दिवसांत बाहेर कुठे, काय खाल्लं ते आठवेल तसं एका कागदावर लिहून ठेवा आणि हॉटेलची बिलं, मोबाईलवरच्या ऑर्डरी पुसू नका. जेवण एकत्र झालं असेल आणि अनेकांना त्रास होत असेल, तर उरलेलं अन्न फेकून भांडी घासायला घेऊ नका. ते झाकून, चिठ्ठी लावून फ्रीजमध्ये वेगळं ठेवा. अन्न व औषध प्रशासनाचा माणूस आला की तपासायला त्याला नमुना लागतो.